पुलापलीकडचा रुग्ण

सिनसिनाटी शहर ओहायो राज्यात. रोब्लिंग पुलावरून नदी ओलांडली की लागतं कव्हिंग्टन, आणि राज्य बदलून होतं केंटकी.

पक्षाघातानंतर सदऱ्याची बटणं लावायला, हाताने घास घ्यायला पुन्हा शिकवतात ते ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे व्यवसायोपचारतज्ज्ञ. अमेरिकेत त्यांचा परवाना राज्य देतं. तो नदीपलीकडे चालत नाही. व्हिडिओ कॉलनेही सुटका नाही, कारण रुग्ण ज्या राज्यात बसलाय, उपचार तिथेच झाले असं धरतात.

यासाठी राज्यांनी आपसात करार केला : ओटी कॉम्पॅक्ट (ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी). २०२१ मध्ये व्हर्जिनियाने त्याचा पहिला कायदा केला. ओहायो आणि केंटकी दोन्ही त्यात आहेत.

हा देशभर चालणारा परवाना मात्र नव्हे. मूळ परवाना गृहराज्याचाच, आणि गृहराज्य ठरतं राहत्या घरावरून, नोकरीवरून नाही. त्या परवान्यावर निर्बंध नकोत. बोटांचे ठसे देऊन एफबीआयची तपासणी होते. मग दुसऱ्या राज्याचं शुल्क भरायचं, तिथे कायद्याची परीक्षा असेल तर ती द्यायची. तेव्हा मिळतं 'कॉम्पॅक्ट प्रिव्हिलेज', त्या एका राज्यात काम करण्याची मुभा. तिसऱ्या राज्यासाठी पुन्हा वेगळी.

मुभेची मुदत गृहराज्याच्या परवान्याबरोबर संपते. नूतनीकरण चुकलं की सगळीकडचं काम एकदम थांबतं. शिस्तभंगामुळे परवान्यावर निर्बंध आले तर सर्व राज्यांतली मुभा जाते. निर्बंध उठले आणि दोन वर्षंही उलटली, तरच ती परत मिळू शकते. हे कडक वाटेल, पण रुग्णाच्या बाजूने पाहिलं तर योग्यच आहे. काम करताना नियम रुग्णाच्या राज्याचे. ओटी असिस्टंटलाही हा मार्ग खुला आहे; देखरेख करणाऱ्या थेरपिस्टकडे मात्र त्याच राज्याचा परवाना किंवा मुभा हवी.

घर बदलताना खरी गफलत होते. भाडं कमी म्हणून कव्हिंग्टनला राहायला गेलात, तर गृहराज्यच बदललं. केंटकीच्या परवान्यासाठी अर्ज करावा लागतो.

मुंबईत शिकून तिकडे जाणाऱ्यांनी लक्षात घ्यावं : परदेशी पदवीची पडताळणी, एनबीसीओटीची (व्यवसायोपचाराच्या राष्ट्रीय प्रमाणन मंडळाची) परीक्षा आणि पहिल्या राज्याचा परवाना या पायऱ्या हा करार गाळत नाही.

अर्जाआधी दोन्ही राज्यांत प्रिव्हिलेजचं काम प्रत्यक्ष सुरू झालंय का, हे विचारा. कायदा होणं आणि सामाईक माहिती-यंत्रणेला जोडलं जाणं यांत बराच काळ जातो. तोवर पुलापलीकडच्या रुग्णासाठी केंटकीचा स्वतंत्र परवानाच काढावा लागतो.