आधी ओढा बघा, मग सही करा

नमस्कार मंडळी, आज जरा लांबचं सांगते, अमेरिकेच्या पश्चिमेचं, आयडाहो, नेवाडा, ओरेगॉन हा सगळा कोरडा पट्टा. तिथलं ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट हे सरकारी खातं साधारण साडेपंधरा कोटी एकरांवर गुरं चारायचे परवाने देतं, बहुतेक दहा-दहा वर्षांचे, आणि २०२५ मध्ये एका गाय-वासराचं महिन्याचं भाडं होतं १ डॉलर ३५ सेंट, एवढंच.

आता तिथला एखादा ओढा डोळ्यांसमोर आणा. ऑगस्ट महिना, डोंगरावरचं गवत करपलेलं, मग गुरं हिरवळीसाठी पाण्यातच येऊन उभी राहतात, खुरांनी काठ ढासळतो, वाळुंजाचे कोवळे फुटवे खाऊन टाकतात, सावली गेली की पाणी तापतं आणि थंड पाण्यावर जगणारे ट्राउट मासे तिथे टिकत नाहीत. मध्ये नुसती तारेची फेन्सिंग घातली ना, तर आत गुडघाभर गवत आणि बाहेर उघडी माती असं होतं.

हे ओढ्यागणिक वेगळं असतं हो, आणि कोर्टकचेरी यावरूनच चाललीय. १९७० पासून तिथे नेपा नावाचा कायदा आहे, मोठा सरकारी निर्णय घ्यायच्या आधी पर्यावरणाचं काय होईल ते अभ्यासून लोकांपुढे ठेवायचं. खात्यानं काय केलं, सगळ्या चराईचा मिळून एकच रिपोर्ट करायला घेतला. नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल ही पर्यावरणवादी संस्था कोर्टात गेली आणि १९७४ ला निकाल लागला, एवढ्यावर भागणार नाही, त्या त्या भागाचा अभ्यास हवा. पुढे २००६ चे नवे नियम, लोकांना म्हणणं मांडायची जागा कमी करणारे, तेही वेस्टर्न वॉटरशेड्स प्रोजेक्ट या अशाच एका संस्थेच्या केसमध्ये अडकले आणि २०१० ला अपील कोर्टातही अडकलेलेच राहिले.

पण अभ्यास रखडतच राहिले, आणि २०१४ च्या कायद्यानं सांगून टाकलं की परवाना संपला, अभ्यास झालेला नसला, तरी जुन्याच अटींवर चालू ठेवा. मला हे अजिबात पटत नाही. गुरंवाल्यांची अडचण कळते मला, त्या परवान्याच्या भरवशावर बँकेचं कर्ज काढलेलं असतं, केस लांबली की सगळं घर टांगणीला. पण खात्याचा अभ्यास झाला नाही म्हणून भुर्दंड ओढ्याला, हे नाही चालणार.

त्यात २०२५ ला सुप्रीम कोर्टानं, केस युटामधल्या रेल्वेची होती, सांगितलं की अशा रिपोर्टांच्या फार खोलात कोर्टांनी शिरू नये. म्हणजे लढाई अजून अवघड. ओढ्याकाठी पट्टी लावून गवत किती इंच उरलं ते कुणी तरी दरवर्षी मोजून लिहून ठेवायला हवं, ते कागदच नसतील तर कोर्टापुढे ठेवणार काय?