एक नग आणि शंभर नग

मित्रहो,

स्केल मॉडेल, म्हणजे खऱ्या विमाना-गाड्यांच्या प्रमाणबद्ध छोट्या प्रतिकृती, करणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर एखादं तरी हत्यार असं असतंच, जे दुकानात मिळत नाही. दातांच्या डॉक्टरांचा जुना आकडा घासून केलेला स्क्रायबर (रेषा कोरायचं हत्यार), पिन-व्हाइसमध्ये, म्हणजे बारीक टोक पकडणाऱ्या मुठीत, अडकवलेली शिलाई मशीनची सुई, आइस्क्रीमच्या काडीला पॉलिश पेपर चिकटवून केलेली पट्टी. मग एखादा मित्र ते हातात घेतो, दोन रेषा ओढतो आणि म्हणतो, "अरे, हे विकत का नाहीस?" त्या प्रश्नानंतर काय काय मागे लागतं, ते आज बोलू.

उदाहरणाला पॅनेल रेषा, म्हणजे विमानाच्या पत्र्यांमधल्या फटी दाखवणाऱ्या रेषा, कोरायचा स्क्रायबर घेऊ. विमानाच्या धडाचे दोन अर्धे भाग चिकटवले आणि सांधा घासला की तिथल्या रेषा पुसल्या जातात. त्या पुन्हा कोराव्या लागतात. सुरीच्या टोकाने कोरलं तर प्लास्टिक निघत नाही, नुसतं दोन्ही बाजूंना सरकतं आणि रेषेच्या कडांना उंचवटे उठतात. चांगला स्क्रायबर आपल्याकडे ओढताना प्लास्टिकचा बारीक, गुंडाळत जाणारा किस काढतो. तो किस दिसला की समजायचं, टोकाचा कोन बरोबर आहे. रुंदीचंही भान हवं. ०.२ मिमीची रेषा १:७२ च्या, म्हणजे खऱ्याहून ७२ पट लहान, मॉडेलवर कोरली, तर खऱ्या विमानावर ती १४.४ मिमीची फट होते. एवढी फट दिसली तर मी तरी त्या विमानात बसणार नाही!

तर असा स्क्रायबर तुम्ही घरी केलात आणि तो उत्तम चालतो. पण तो चालतो त्यात तुमच्या हाताचा वाटा किती आणि हत्याराचा किती? टोक जरा डावीकडे ओढतं, हे तुमच्या बोटांना ठाऊक असतं, ती आपोआप सावरून घेतात. सांध्यावर सुपरग्लू वाळलेला असेल तर तो प्लास्टिकपेक्षा कडक असतो, टोक तिथे घसरतं. तुम्ही तिथे न कळत दाब कमी करून हलक्या हाताने चार-पाच वेळा फिरवता. विकत घेणाऱ्याला यातलं काही माहीत नसतं. म्हणून पहिली चाचणी अशी करा: हत्यार दुसऱ्याच्या हातात द्या आणि गप्प बसा. "असं नाही, असं धर" म्हणावंसं वाटलं की तिथेच दोष आहे, आणि तो हत्याराचा आहे. एखाद्या डावखुऱ्या माणसालाही द्या. टोक एका बाजूला जरासं कललेलं असेल तर तो लगेच सांगेल.

यापुढचं काम कंटाळवाणं आहे, आणि खरा धंदा तोच आहे. हातातलं सगळं कागदावर आकड्यांत उतरवायचं. टोकाची रुंदी किती, पुढचा कोन किती, मुठीचा व्यास किती, आणि प्रत्येक मापात किती फरक चालेल. घरी आपण टूल स्टीलची सळई लाल करतो, लोहचुंबक चिकटेनासं झालं की तेलात बुडवून पाणी देतो, म्हणजे कडक करतो, मग पुन्हा हलकेच तापवून फिकट पिवळा रंग आला की थांबतो. हा पिवळा साधारण २२० ते २३० अंश सेल्सिअसला येतो. एका नगाला नजर पुरते. शंभर नगांना पुरत नाही, कारण दिव्याच्या उजेडात दिसलेला पिवळा आणि दिवसाचा पिवळा एक नसतो. त्यापेक्षा हीट ट्रीटमेंटवाल्याला कडकपणाचा आकडा लिहून द्यावा आणि नग आले की मोजून घ्यावेत. टंगस्टन कार्बाइडचं टोक वापरलंत तर पाणी देण्याची कटकटच नाही, धारही खूप टिकते. पण ते ठिसूळ असतं, टेबलावरून फरशीवर पडलं की टवका उडतो. म्हणूनच मूठ षट्कोनी करा, ती घरंगळत नाही. गोल मूठ फोटोत छान दिसते, एवढाच तिचा गुण.

धार लावायलाही जिग करा, म्हणजे हत्यार दर वेळी त्याच कोनात धरणारा साचा. सहाणेवर हाताने लावलेल्या दोन धारा कधी सारख्या येत नाहीत.

मापं ठरवण्याचं एक उदाहरण बघा. जपानमध्ये योशिओ ओकादा यांनी १९५६ साली तुटत्या पात्याची सुरी काढली, बोथट टोक मोडलं की पुढचा धारदार भाग वापरायचा. ते छापखान्याच्या कामात होते. पात्याचं टोक बोथट झालं की बाकीचं पातं चांगलं असूनही टाकून द्यावं लागे. फुटलेल्या काचेची धार आणि खाचा असलेली चॉकलेटची वडी, यांवरून कल्पना सुचली, ही गोष्ट सगळे सांगतात. मला त्याहून मोठी वाटते ती मापांची शिस्त. पात्याची ठरलेली रुंदी जगभर रूढ झाली. आज एका कंपनीचं ९ किंवा १८ मिमीचं पातं दुसऱ्या कंपनीच्या मुठीत बहुतेक वेळा बसतं. तुमचं टोक बदलता येणारं असेल तर त्याचा दांडा बाजारात मिळणाऱ्या पिन-व्हाइसच्या मापाचा ठेवा. स्वतःचं निराळं माप काढून गिऱ्हाइकाला बांधून ठेवायचा मोह होतो. गिऱ्हाईक बांधलं जात नाही, ते येतच नाही.

पेटंटबद्दल हमखास विचारतात. पेटंटची मुदत अर्जापासून २० वर्षं, आणि ते ज्या देशात घेतलं तिथेच चालतं. बहुतेक देशांत अर्जाआधी वस्तू जाहीरपणे दाखवली तर नवेपणा गेला असं धरतात. म्हणजे प्रदर्शनात मिरवून झाल्यावर वकिलाकडे जाण्यात अर्थ नाही. तरी माझं मत असं, की स्क्रायबरसारख्या साध्या हत्याराला पेटंटचा खर्च झेपत नाही. नाव मात्र नोंदवून टाका.

किमतीचं गणित सरळ आहे, फक्त मन मानत नाही. दुकानदार छापील किमतीतला मोठा वाटा घेतो, मध्ये वितरक असला तर त्याचा वेगळा. त्यात मोडके नग, परत आलेले नग, पॅकिंग. एका नगाचा खर्च १ धरला तर छापील किंमत ४ च्या आसपास नेल्याशिवाय दुकानातून विकणं परवडत नाही. आणि खर्चात तुमच्या तासांची मजुरी धरा. हौशी माणूस ती धरत नाही, म्हणून त्याचं हत्यार स्वस्त मिळतं आणि वर्षभरात मिळेनासं होतं.

मुठीसाठी लगेच प्लास्टिकचा साचा करायला धावू नका. साचा महाग, आणि एकदा कापला की बदल करणं अवघड. पहिले थोडे नग लेथवर काढा किंवा थ्रीडी प्रिंट करा, विका, तक्रारी येऊ द्या. तक्रार मुठीची आली तर साचा वाचला. टोकावर घट्ट बसणारी टोपी पहिल्या नगापासून द्या, कारण टपालाच्या पाकिटातून आरपार आलेलं टोक कुणाच्या तरी बोटात जातं. सोबतच्या कागदावर तीनच गोष्टी छापा: ढकलू नका, ओढा. दाब कमी ठेवा. आणि धार गेली की टोक आमच्याकडे कसं पाठवायचं.

आता प्रश्न घेऊ.