नेमकं काय केलंत, ते सांगायचं राहून जातं

श्रोतेहो, नमस्कार.

आज ज्या गोष्टींविषयी बोलणार आहे, त्यांची कधी बातमी होत नाही. वर्गात मागच्याला फळा दिसत नाही हे ओळखून पुढचा मुलगा न सांगता थोडा बाजूला सरकून बसतो. सकाळच्या घाईत तुम्ही चष्मा शोधू लागता, तर तो पुसून टेबलावर ठेवलेला असतो. रात्री तुमचा अभ्यास चालू असतो आणि बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीचा आवाज आपोआप कमी होतो. आपोआप असं आपण म्हणतो खरं, पण कुणीतरी उठून तो कमी केलेला असतो.

मी शिक्षिका आहे. घर आणि शाळा या दोन ठिकाणीच माझा सगळा दिवस जातो, आणि या दोन्ही ठिकाणी माणसं एकमेकांसाठी केवढं करतात हे पाहून मला खरोखर भरून येतं. त्यातलं बहुतेक बोललं जात नाही. त्याविषयीच तुमच्याशी बोलायचं आहे.

रोजच्या चांगुलपणाचं एक वैशिष्ट्य आहे. तो जितका नियमित, तितका दिसेनासा होतो. पहिल्यांदा कुणी तुमच्यासाठी दप्तर भरून दिलं तर लक्षात राहतं. रोज भरून दिलं की दप्तर भरलेलंच असतं, असं वाटू लागतं. ज्या दिवशी मोजे सापडत नाहीत, त्या दिवशी प्रश्न पडतो की रोज ते जागेवर कोण ठेवत होतं? घरातलं काम नीट झालं तर त्याचा मागमूस राहत नाही, राहिलं तर मात्र सगळ्या घराला कळतं. यात कुणाचा दुष्टपणा नाही. सवयीच्या गोष्टीवरून लक्ष उडणं हा मनाचा स्वभावच आहे.

यावर मानसशास्त्रात एक जुना अभ्यास आहे. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या दोन संशोधकांचा, १९७९ सालचा. त्यांनी नवरा-बायकोंना वेगवेगळं बसवून विचारलं, की घरातल्या अमुक कामात तुमचा वाटा किती? दोघांच्या उत्तरांची बेरीज केली तर ती बऱ्याचदा शंभर टक्क्यांच्या वर गेली. दोघंही प्रामाणिकपणे बोलत होते. मला त्यातला पुढचा भाग फार महत्त्वाचा वाटतो. भांडणं सुरू होण्यासारख्या वाईट गोष्टींमध्येही लोकांनी स्वतःचा वाटा जास्त धरला. म्हणजे ही नुसती बढाई नव्हती. आपण केलेलं आपल्याला आठवतं, कारण ते करताना आपण तिथे असतो. दुसऱ्यानं केलेलं काम होताना आपण बहुधा झोपलेले, बाहेर गेलेले किंवा आपल्याच नादात असतो. त्यामुळे घरात ‘मीच एकटी मरमर करते’ आणि ‘मीच सगळं बघतो’ ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी, अगदी मनापासून बोलली जातात.

मग उपाय काय, ऊठसूट एकमेकांना थँक्यू म्हणायचं? तसं मला वाटत नाही. सिमियन फ्लॉइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये एक सुंदर अभ्यास प्रसिद्ध केला. पाच खंडांतल्या आठ भाषा बोलणाऱ्या लोकांचं घरातलं, ओळखीपाळखीतलं साधं बोलणं त्यांनी चित्रित केलं होतं. ‘ते जरा इकडे दे’, ‘दार लाव’, अशी एकानं विनंती केली आणि दुसऱ्यानं ती पुरी केली, असे प्रसंग त्यांनी वेचून पाहिले. त्यांत आभाराचा शब्द सुमारे वीस वेळांतून एकदाच आला. जगभर घरोघरी माणसं एकमेकांना मदत करतात आणि पुढच्या कामाला लागतात. हे वाचून मला वाईट वाटलं नाही, उलट धीर आला. आपल्या माणसानं हात पुढे करणं हे गृहीत असतं, आणि असं गृहीत धरता येणं हेच तर घरपण. दार लावल्याबद्दल कुणी रीतसर आभार मानले, तर क्षणभर आपण परके झालो की काय, असंच वाटेल.

पण गृहीत धरणं वेगळं आणि नजरेआड करणं वेगळं. पहिल्यात विश्वास असतो. दुसऱ्यात समोरचा माणूस हळूहळू सामानासारखा होऊन जातो. म्हणून प्रत्येक वेळी नको, पण अधूनमधून थांबून, नेमकं काय केलंस ते मला कळलं आहे, हे त्या माणसाला सांगावं. ‘नेमकं’ या शब्दावर मी भर देते आहे. ‘तू माझ्यासाठी खूप केलंस’ हे वाक्य कुणालाही लागू पडतं, म्हणून ते कुणालाच पोचत नाही.

माझ्या वर्गातली एक गोष्ट सांगते. एक मुलगी आजारपणामुळे बरेच दिवस शाळेत नव्हती. ती परत आल्यावर वह्या तपासायला आल्या, तेव्हा तिच्या विज्ञानाच्या वहीत मला दुसरंच अक्षर दिसलं. वर्गातल्या एका मुलीनं तिचे बुडालेले सगळे धडे उतरवून दिले होते. दोघींची तशी मैत्री नव्हती, फक्त बाक जवळ होते. आकृत्या पेन्सिलीनं, नीट पट्टी लावून, नावं एका रेघेत. आणि एका पानावर समासात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘हे मलापण कळलं नाही. आपण दोघी मिळून बाईंना विचारू.’

मी त्या पानावर बराच वेळ थांबले. पुढे काही दिवसांनी मुलांना ‘मला झालेली मदत’ या विषयावर चार ओळी लिहायला सांगितल्या. त्या आजारी मुलीनं, उतरवून मिळालेल्या धड्यांचा उल्लेख एका ओळीत उरकला होता. बाकी सगळं लिहिलं होतं ते ‘आपण दोघी’ या दोन शब्दांबद्दल. इतके दिवस घरी पडून तिला वाटत होतं की वर्ग पुढे गेला, मी मागे राहिले. त्या दोन शब्दांनी तिला पुन्हा वर्गात बसवलं. मी तिला म्हटलं, हे मला सांगितलंस ते छान, आता तिलाही सांग. तिनं त्या चार ओळींचं पान फाडून आपल्या वर्गमैत्रिणीला दिलं. जिनं धडे उतरवले होते तिला तर आपण असं काही लिहिल्याचं आठवतही नव्हतं.

हे फार वेळा घडतं. मदत करणाऱ्याला आपल्या कोणत्या कृतीनं काम केलं, हे ठाऊकच नसतं. ते फक्त ज्याला मदत झाली त्यालाच माहीत असतं, आणि तो बोलला नाही तर ती माहिती कायमची बुडते.

शाळेत तर अशी माणसं पावलोपावली. फाटक उघडणारे मामा कोणता मुलगा आज रडत आला हे शिक्षकांच्या आधी ओळखतात. पावसाळ्यात जिना ओला होतो, तो मावशी मधल्या सुट्टीच्या आधी पुसून घेतात, म्हणून कुणी घसरत नाही. न घसरलेल्या मुलाला ते कसं कळणार? मुलांना ते दाखवावं लागतं. त्याचा उपयोगही होतो. जेफ्री फ्रोह आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये अमेरिकेतल्या सहावी-सातवीच्या २२१ मुलांबरोबर एक प्रयोग केला. काही वर्गांतल्या मुलांनी दोन आठवडे रोज, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा पाच गोष्टींपर्यंत नोंद केली. काहींनी त्रासाच्या गोष्टी लिहिल्या, काहींनी काहीच लिहिलं नाही. कृतज्ञतेची नोंद करणाऱ्या मुलांना शाळा अधिक आवडू लागली, आणि तीन आठवड्यांनंतरही तो फरक टिकून होता. शाळा तीच होती, मुलं काय टिपत होती ते बदललं होतं.

आता शिक्षकांविषयी. आल्बेर काम्यू या फ्रेंच लेखकाला १९५७ साली साहित्याचं नोबेल मिळालं. तो वर्षाचा होण्याआधीच त्याचे वडील पहिल्या महायुद्धात मारले गेले होते. आईला नीट ऐकू येत नसे, वाचता येत नसे, आणि ती लोकांच्या घरी साफसफाईची कामं करी. अल्जीअर्समधल्या त्या गरीब घरात प्राथमिक शाळेनंतर मुलानं कामालाच लागायचं, असं आजीनं ठरवलं होतं. लुई झेर्मँ हे त्याचे मास्तर घरी गेले, आजीशी बोलले, शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी त्याला फुकट जादा शिकवलं. नोबेल जाहीर झाल्यावर १९ नोव्हेंबर १९५७ रोजी काम्यूनं त्यांना पत्र लिहिलं. बातमी कळल्यावर आईनंतर पहिला विचार तुमचाच आला, असं त्यात आहे. पत्र छोटंसं आहे. मोठ्या माणसाचं मोठेपण त्यात कुठे मिरवलेलं नाही. एका गरीब लहान मुलाकडे तुम्ही मायेनं हात पुढे केला नसता तर यातलं काहीच घडलं नसतं, एवढंच तो सांगतो.

आपल्यातल्या बहुतेकांना असं पत्र लिहावंसं वाटतं, पण लिहिलं जात नाही. इतक्या वर्षांनी काय म्हणतील, त्यांना आठवेल का, आपल्याला नीट लिहिता येईल का, असं मनात येतं. अमित कुमार आणि निकोलस एपली यांनी हेच तपासलं. २०१८ च्या त्यांच्या अभ्यासात लोकांनी कृतज्ञतेची पत्रं लिहिली, आणि वाचणाऱ्याला काय वाटेल याचा अंदाजही सांगितला. मग ज्यांना पत्रं मिळाली त्यांनाच विचारलं. लिहिणाऱ्यांना वाटलं होतं त्यापेक्षा त्यांना आनंद कितीतरी जास्त झाला होता, आणि अवघडल्यासारखं फारच कमी वाटलं होतं. लिहिणारे शब्द बरोबर जमले का या काळजीत होते, वाचणाऱ्यांना जाणवली ती आपुलकी. तेव्हा भाषेची चिंता सोडा. काय केलं होतं, तेव्हा तुमची स्थिती काय होती, आणि त्यानं पुढे काय झालं, एवढं लिहिलं तरी पत्र पुरं होतं.

पालकांना एक विनंती. मुलाला सगळ्यांदेखत ‘थँक्यू म्हण, म्हण ना’ असं दटावू नका. मूल शब्द म्हणून टाकतं आणि सुटतं. त्याऐवजी ‘ताई तुझ्यासाठी थांबली, तिचा खेळायचा वेळ गेला’ असं त्याला सांगा. दुसऱ्यानं आपल्यासाठी काय सोडलं हे मुलाला दिसलं, की पुढचं त्याचं तो पाहतो. आणि दुसरं, जरा कडू आहे, पण सांगायलाच हवं. ‘एवढं केलं तुझ्यासाठी, आणि तू?’ हे वाक्य घरातून काढून टाका. उपकार बोलून दाखवले की मुलाच्या मनात फक्त ओझं उरतं, आणि ओझ्यापासून माणूस पळ काढतो.

कृतज्ञतेचा एक गैरवापरही होतो, तो मला फार खुपतो. आईचं वर्षातून एकदा भरभरून कौतुक करायचं, तिच्या कष्टांवर कविता म्हणायची, आणि जेवून उठताना ताट मात्र तिथेच ठेवायचं. ज्या कामाबद्दल आपण खरोखर ऋणी आहोत, त्यातलं थोडं आपल्याकडे घ्यायला हवं. मोजे कोण जागेवर ठेवतं हे कळलं, तर उद्यापासून आपले आपण ठेवायचे. मुलग्यांनी तर नक्कीच. आपलं काम कुणीतरी पाहिलं आणि उचललं, याहून आईला आणखी काय हवं असतं!

शेवटी, ज्यांना सांगायचं होतं ती माणसं आता या जगात नाहीत, असंही अनेकांचं असेल. तरी सांगता येतं. त्या बाईंची मुलगी असेल, त्या सरांचे नातू असतील. आपली आई वर्गात कशी होती हे त्या मुलीनं कधी पाहिलेलं नसतं. तुम्ही पाहिलेलं असतं. शाळेतल्या कुणाकडून तरी त्यांचा पत्ता किंवा फोन नंबर मिळवायला थोडी खटपट पडेल. तेवढी जरूर करा.