धाकटीच्या झोपेवर चालणारी शाळा

[सकाळ. दारापाशी चपलाबुटांचा ढीग. मधला डावा बूट उजव्या पायात घालतोय. कॅमेरा थांबून बघतो.]

निवेदन :
या घरात तीन मुलं आहेत. थोरली पाच वर्षांची, मधला तीन वर्षांचा, धाकटी दहा महिन्यांची. थोरलीला घरीच शिकवायचं असं आईबाबांनी विचार करून ठरवलं. मधला त्यात आपसूक ओढला गेला. धाकटीला कुणी काही विचारलेलं नाही, तरी या शाळेची घंटा तिच्याच हातात आहे.

[फ्रीजचं दार. रंगीत रकान्यांचं वेळापत्रक, एक कोपरा चावलेला.]

नऊ ते साडेनऊ भाषा. साडेनऊ ते दहा अंक. दहा वाजता चित्रकला. पहिल्या उत्साहात लावलेलं हे वेळापत्रक सध्या मधल्याला रंग ओळखायला उपयोगी पडतं.

घड्याळाप्रमाणे इथे फारसं काही होत नाही. होतं ते एकापाठोपाठ एक. उठणं, आवरणं, नाश्ता, बाहेर चक्कर, हातपाय धुणं, गोष्ट, मग धाकटीची पहिली झोप. कधी हे सगळं अर्धा तास आधी सरकतं, कधी पाऊण तास उशिरा. क्रम मात्र सहसा मोडत नाही. तीन वर्षांच्या मुलाला 'साडेनऊ' कळत नाही. 'बूट काढले की हात धुवायचे, हात धुतले की गोष्ट' हे त्याला पक्कं कळतं. एखाद्या दिवशी गोष्ट आधी आणि हात नंतर झाले, तर तो मुरलेल्या वकिलासारखा भांडतो.

[सदऱ्याची बटणं. छोटी बोटं. खालचं बटण खालच्या काजात.]

बाहेर चक्कर पाऊण तासाची आणि तिची तयारीही जवळपास तेवढ्याच वेळाची. बाहेरचा माणूस म्हणेल, वेळ वाया गेला. आई हा वेळ तासात धरते. बटण लावायला ती खालून सुरुवात करायला सांगते, कारण खालचं बटण मुलाला दिसतं, गळ्याजवळचं दिसत नाही. दोन्ही हातांनी दोन वेगळी कामं एकाच वेळी करायची, डोळ्यांनी बोटांवर लक्ष ठेवायचं : उद्या पेन्सिल धरायची ती याच बोटांनी.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल करावी आणि त्यातली ६० मिनिटं तरी चांगली दमवणारी असावीत, असं त्यात म्हटलंय. या घरात त्याची मोजदाद कुणी ठेवत नाही. पण सकाळी बाहेर जाणं चुकलं, तर त्याचा हिशेब संध्याकाळी सोफ्यावरच्या उड्यांनी चुकता होतो.

[आतली खोली. पडदा ओढलेला. दार हलकेच लोटलं जातं. थोरली आधीच कपाटापाशी उभी.]

धाकटी झोपली. आता पेटी निघते.

ही पेटी वरच्या फळीवर असते आणि धाकटी जागी असताना खाली येत नाही. तिच्यात मणी आहेत, बोथट टोकाची कात्री आहे, पुठ्ठ्याची अक्षरं आहेत, नाणी आहेत, खोडरबराचे तुकडे आहेत. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांची चाचणी करताना एक छोटं नळकांडं वापरतात, त्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर. त्यात जी वस्तू पूर्ण मावेल, ती बाळाच्या घशात अडकू शकते असं धरतात. थोरलीला जे जे शिकायला हवं, ते बहुतेक सगळं त्या नळकांड्यात मावणारं आहे. वेगवेगळ्या वयांच्या मुलांना एकत्र शिकवण्यातली खरी अडचण अभ्यासक्रमाची नाही, मण्यांची आहे.

[जमिनीवर तीन पुठ्ठे : म, ग, र.]

थोरली एकेक अक्षर बोटाने दाबते. म. ग. र. मग एका दमात : "मगर!" आई काही न बोलता शेवटची दोन अक्षरं पुढे आणते आणि 'म' मागे नेते. थोरली बघते, ओठ हलवते. "गरम." मग दचकून, "आई, तीच अक्षरं आहेत!" यानंतर आईला काही करावं लागत नाही. थोरली स्वतः पुठ्ठे फिरवते. "रगम. हा शब्द आहे?" नाही, आई म्हणते. "मग मी करते. रगम म्हणजे मगरीचं पिल्लू."

पंधरा मिनिटांत तास संपला. याहून जास्त ताणत नाहीत. शार्लट मेसन या इंग्लंडमधल्या शिक्षणतज्ज्ञ बाईंचं म्हणणंच होतं, की मूल सहा वर्षांचं होईपर्यंत औपचारिक पाठ नकोत, आणि पुढेही लहान मुलांचे पाठ आखूड ठेवावेत. इथला पाठ आखूड राहतो तो थोडा त्या विचाराने आणि थोडा आतल्या खोलीतून कधीही आवाज येईल या धास्तीने.

[त्याच जमिनीवर, हातभर अंतरावर मधला. ट्रे, दोन छोटे जग, स्पंज.]

मधला कुठे आहे? शेजारीच. तो थोरलीबरोबर खेळत नाही, पण तिच्यापासून उठूनही जात नाही. मिल्ड्रेड पार्टन या संशोधक बाईंनी १९३२ मध्ये मुलांच्या खेळाचे जे प्रकार मांडले, त्यात अशा शेजारी बसून आपापलं खेळण्याला वेगळी जागा दिलेली आहे. आईच्या दृष्टीने त्याचा अर्थ सरळ आहे : दोघांना एकाच वेळी एकच गोष्ट शिकवायचा अट्टहास नको, दोघांच्या हाताला काम हवं.

मधल्याचं काम म्हणजे या जगातलं पाणी त्या जगात ओतणं. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ मध्ये रोममधल्या सान लोरेंझो वस्तीत बालगृह उघडलं. लहान मुलांना खऱ्याखुऱ्या, हाताला झेपतील अशा वस्तू द्या, हा त्यांचा आग्रह आजही घरोघरी चालतो. मधल्याला मात्र ओतण्यापेक्षा सांडण्यात रस आहे, कारण सांडलं की स्पंज मिळतो. स्पंज पिळताना त्याची जीभ बाहेर येते. मॉन्टेसरी पद्धतीत सकाळचे तीन तास सलग, मध्ये न तोडता काम करू द्यावं म्हणतात. रांगणारं बाळ घरात असलेल्या कुणाही आईला हे सांगून बघा.

[दोन पेले : एक उंच आणि अरुंद, एक बुटका आणि रुंद.]

आणि मग भांडण. आईने एकाच मापाचं पाणी दोघांना दिलं, थोरलीला उंच पेल्यात, मधल्याला बुटक्या. "तिला जास्त!" मधल्याचा आवाज चढतो. आई बुटक्या पेल्यातलं पाणी दुसऱ्या उंच पेल्यात ओतून दाखवते. सारखं. परत बुटक्यात ओतते. "आता परत कमी झालं," मधला म्हणतो. थोरलीही मान डोलावते, तिलाही तसंच दिसतं. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मुलांपुढे अगदी असेच पेले ठेवले होते. उंची बदलली तरी पाणी तेवढंच राहतं, हे साधारण सहा-सात वर्षांच्या आसपास मुलांच्या पचनी पडायला लागतं. आई समजावत बसत नाही. ती दोघांना सारखे पेले देते. मला तिचं हे फार आवडलं. प्रत्येक भांडणाचा पाठ करायलाच हवा असं कुठे आहे?

[आतून रडण्याचा आवाज. पेटी वर जाते.]

पहिली झोप संपली. पुढचे दोन-अडीच तास वहीपुस्तकाविना. धुतलेल्या कपड्यांच्या ढिगातून मोज्यांच्या जोड्या लावायच्या, मोठे एकीकडे, छोटे एकीकडे. रुमालाची घडी : अर्धा, मग पाव. जेवणाआधी माणशी एक ताट. गणिताच्या पुस्तकात याला एकास एक संगती म्हणतात; इथे त्यावरून वाद होतो, कारण धाकटीला ताट मांडायचं का हे ठरत नाही. ती जेवते, पण ताट फेकते. थोरलीचा निकाल : "तिला ताट मोजायचं, पण द्यायचं नाही."

जेवणानंतर पुस्तक. तिघं एकाच गादीवर, धाकटीच्या तोंडात जाड पुठ्ठ्याचं वेगळं पुस्तक. मधल्याला रोज तेच पुस्तक हवं असतं. मोठ्यांना कंटाळा येतो, पण तोच शब्द त्याच जागी पुन्हा पुन्हा कानावर पडला की मुलाच्या तोंडी बसतो. आई पान उलटण्याआधी थांबते, पुढचा शब्द मधला भरतो. मध्येच ती विचारते, "हा का पळतोय रे?" उत्तर गोष्टीतलं असेलच असं नाही.

दुसरी झोप. तिच्यात मधलाही कधी झोपतो, कधी नाही. थोरली चित्रं काढते. आई बसते.

[संध्याकाळ. तिन्ही मुलं एकाच वेळी रडतायत. आवाज कमी केलेला नाही.]

संध्याकाळी स्वयंपाकाच्या सुमारास हे असं. घरी शिकवण्याबद्दल बोलताना लोक मण्यांचे आणि अक्षरांचे फोटो दाखवतात, हा तास दाखवत नाहीत. मोबाइल लावून द्यायचा मोह होतो. तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको आणि वर्षाखालच्या बाळाला अजिबात नको, असं त्याच २०१९ च्या सूचना सांगतात. खोली एकच आणि बाळही तिथेच, म्हणून मोबाइल बहुतेक वेळा बंद राहतो. मग तिघांना पाण्यात घालतात. कोमट पाणी, तीन वाट्या, एक गाळणं. रडणं थांबतंच असं नाही, पण निदान एका खोलीत जमा होतं.

बाबा आले की आई दार लावून पंधरा मिनिटं एकटी बसते. या पद्धतीला एका मोठ्या माणसाचा अख्खा दिवस लागतो. ज्या घरात तो देता येत नाही, तिथे नुसत्या हौसेवर हे निभत नाही, आणि हे आधीच स्पष्ट बोललेलं बरं.

[रात्र. आई वहीत दोन ओळी लिहिते : काय वाचलं, कोण कशावर अडलं.]

धाकटी आता लवकरच दोन झोपांवरून एकीवर येईल. बहुतेक बाळं साधारण सव्वा ते दीड वर्षाच्या दरम्यान सकाळची झोप सोडतात. म्हणजे सकाळची पेटी गेली. आईने आत्तापासूनच मांडणी केलीय : पेटी जेवणानंतर, पुस्तक सकाळी, मोजे संध्याकाळी. थोरलीला हे सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं, जेवणानंतर तर मधलाही झोपतो, मग त्याचा ट्रे मला मिळेल का?