ठाण्यात इतका पाऊस, मग इथे वर्षावन का नाही?

नमस्कार मंडळी! मुलांना वर्षावन शिकवायचं म्हटलं की आपण पुस्तकातलं अ‍ॅमेझॉनचं पान उघडतो. मी म्हणते, आधी ठाण्यालगतच्या येऊरला चला. येऊरचं जंगल वर्षावन नाही, पानझडी आहे. म्हणूनच चला!

मुलांपुढे एकच प्रश्न ठेवा. ठाण्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. अ‍ॅमेझॉनच्या बऱ्याच भागातही जवळपास तितकाच. मग तिथे बारमाही हिरवं, आणि आपल्याकडे मार्चमध्ये साग उघडाबोडका, असं का?

उत्तर सांगायची घाई करू नका. काठीने पालापाचोळा हलकेच बाजूला करायला सांगा. (क्लोजअप) हे बघा, वर अख्खी, करकरीत पानं. त्याखाली नुसत्या शिरांची जाळी उरलेली. मग बुरशीचे पांढरे धागे, आणि तळाशी काळी माती. आपला पाऊस चार महिन्यांत कोसळून जातो. पुढे कोरडं पडलं की झाड पाणी वाचवायला पानं गाळतं, आणि पाचोळा कुजायचाही मंदावतो. अ‍ॅमेझॉनमध्ये ऊब आणि ओल वर्षभर, त्यामुळे पान पडलं की भराभर कुजतं आणि मुळं त्यातलं सत्त्व लगेच ओढून घेतात. तिथली श्रीमंती झाडांत आहे, मातीत फारशी नाही. जंगल तोडून केलेली शेती तिथे थोड्याच वर्षांत का थकते, हे मग मुलांना वेगळं सांगावं लागत नाही.

आता येऊरच्या वारली पाड्यावर. शाळेत मुलं चार्टपेपरवर वारली चित्रं काढतात, पण ही चित्रं मुळात कुडाच्या भिंतीवरची. कारवी या रानझुडपाच्या काठ्या उभ्या बांधायच्या, वर शेणमातीचा लेप, त्यावर गेरू आणि मग तांदळाच्या पिठाने चित्र. आता बरीच घरं विटा-सिमेंटची झालीत, पण कूड कसा बांधायचा हे जाणती माणसं अजून सांगतात. ही कारवी आठ वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. इथे ती २०१६ ला फुलली, मग २०२४ ला. तेव्हा पहिलीत असलेलं मूल पुढचा बहर २०३२ मध्ये, नववीत गेल्यावर बघेल! अ‍ॅमेझॉनमधले यानोमामी लोकही लाकूड, वेली आणि ताडाच्या जातीच्या झाडांची पानं वापरून अख्ख्या वस्तीचं एकच मोठं गोल घर बांधतात. कुडाला हात लावून आलेल्या मुलाला ही माणसं परकी वाटत नाहीत.

आणि वाघोबाबद्दल जरूर विचारा. या जंगलात बिबटे आहेत आणि वारली वाघाला देव मानतात. दिवाळीच्या सुमारास येणाऱ्या वाघबारशीला त्याची पूजा होते. बिबट्याच्या शेजारी राहायचं कसं, हे मुलांनी त्यांच्याच तोंडून ऐकावं.

जाण्याआधी वनखात्याची परवानगी काढा. पायात बंद बूट हवेत, पाचोळ्यात हात घालायचा नाही. पाड्यावर कुणी तुमच्यासाठी वेळ काढला तर त्याचं मानधन द्या, आणि घराचा फोटो विचारूनच काढा.