चेंबरमधली मोटर

(दृश्य: सकाळचा कृष्णाकाठ. मोटर सुरू होते, पाइपातून पाण्याचा लोट पडतो.)

सांगली जिल्ह्यात पंप म्हणजे काय, हे कुणाला शिकवावं लागत नाही. कृष्णेचं पाणी उचलून वर नेलं म्हणून काठावर ऊस उभा राहिला. ताकारी-म्हैसाळच्या योजनांनी तेच पाणी पूर्वेच्या दुष्काळी रानांत पोचवलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर कारखाना वसवला, ती किर्लोस्करवाडी आज ओळखली जाते पंपांमुळंच. मोटरीनं पाणी ओढायचं सोडलं की आमचा शेतकरी आधी काठाला उतरून फुटबॉल बघतो, म्हणजे पाइपाच्या टोकाचा फूट व्हॉल्व्ह. जाळीत पाला अडकलाय का? पाण्याची पातळी खाली गेलीय का? मोटर हवा धरतेय का?

आपल्या गाडीच्या इंजिनातही अशीच एक मोटर असते, ऑइल पंप. तिच्या जाळीकडं मात्र कुणी बघत नाही.

(दृश्य: सांगली-मिरज रस्त्यालगतचं गॅरेज. बाकावर उघडून ठेवलेला पंप.)

हा पंप माझ्याच गाडीचा. तळहातावर मावतो. झाकण काढलं की आत एक चार दात्यांचं चाक आणि त्याच्याभोवती पाच खाचांचं कडं. दोघांचे मध्य जुळत नाहीत, मुद्दामच सरकवलेले असतात. इंजिनाबरोबर चाक फिरू लागलं की एका बाजूला दात्यांमधली जागा मोठी होत जाते, तिथं ऑइल आत ओढलं जातं. पलीकडच्या बाजूला तीच जागा मिटत जाते आणि ऑइल पुढं रेटलं जातं. विहिरीवरचा पंप पंखा फिरवून पाणी भिरकावतो, हा दर फेऱ्याला ठरलेलं माप उचलून ढकलतो. म्हणून दात्यांमधल्या फटीला एवढं महत्त्व. मिस्त्री तिथं फिलर गेजची पत्ती सरकवून बघतात. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपासची ती फट वाढली की ऑइल पुढं जायच्या ऐवजी मागं निसटतं.

चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेलं ऑइलचं भांडं. चेंबरमधून जाळी, जाळीतून पंप, मग फिल्टर, आणि तिथून इंजिनाच्या अंगात कोरलेल्या वाटांनी क्रँकपर्यंत, म्हणजे पिस्टनच्या जोरानं फिरणाऱ्या मुख्य दांड्यापर्यंत. थंड, घट्ट ऑइलनं प्रेशर फार चढलं तर स्प्रिंगचा एक व्हॉल्व्ह उघडतो आणि जास्तीचं ऑइल परत सोडतो.

आणि हे सगळं कशासाठी? इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर क्रँक सेकंदाला ५० वेळा फिरतो. तो बेअरिंगवर घासत नाही, ऑइलच्या थरावर तरंगतो. हा थर केसापेक्षा कितीतरी पातळ, जेमतेम काही मायक्रॉनचा. तो तुटला की धातूला धातू भिडतो.

(दृश्य: जतकडं जाणारा रस्ता. मग हातात धरलेलं बेअरिंगचं शेल, अगदी जवळून.)

गेल्या महिन्यात या रस्त्यावर माझ्या गाडीच्या चेंबरला दगड लागला. खाली वाकून बघितलं, ऑइल गळत नव्हतं. निघालो. थोड्या वेळानं ऑइलचा लाल दिवा लागला. ऑइल मोजायची पट्टी काढून बघितली तर ऑइल भरपूर. दिव्याचंच काहीतरी बिघडलं असेल असं धरून मी पुढं चार किलोमीटर गाडी हाकली. आधी खालून ठकठक आली, मग इंजिन जाम.

चेंबर उतरवल्यावर कळलं. पत्रा आत चेपून थेट जाळीच्या तोंडाला टेकला होता. ऑइल होतं, पंपही धडधाकट होता, पण त्याला ओढायलाच वाट नव्हती. तो दिवा ऑइल किती आहे हे सांगत नाही, प्रेशर गेलं हे सांगतो. हे शेल बघा, क्रँक ज्यात फिरतो ते बेअरिंगचं कवच. वरचा राखाडी मुलामा गेलाय, खालचं तांबं उघडं पडलंय. मिस्त्री म्हणाले, “दिवा लागला की आधी गाडी बंद करायची, मग मला फोन करायचा.”

दगडच लागायला हवा असं नाही. ऑइल बदलायला उशीर झाला की काळा गाळ धरतो आणि जाळी बुजवतो. चेंबरच्या पॅकिंगला सिलिकॉन जास्त फासलं तर त्याचे तुकडे तिथंच जाऊन बसतात. ऑइल कमी असेल तर घाटात, वळणावर जाळी उघडी पडते आणि पंप हवा धरतो. पट्टीवरच्या खुणेच्या वर भरलं तर क्रँक ते घुसळतो, फेस होतो, आणि फेसात पुन्हा हवाच. ऑगस्ट २०१९च्या महापुरात सांगलीत किती गाड्या बुडाल्या! पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीला आधी चावी लावू नये. इंजिनात पाणी गेलंय का ते तपासून, ऑइल काढून मगच पुढचं. पाणी मिसळलेलं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं.

टॅपेट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारे भाग, वाजतात म्हणून जाड ऑइल घालून द्यायची पद्धत मला अजिबात पटत नाही. आवाज दबतो, दुखणं आत राहतं. प्रेशरचा स्विच काढून तिथं गेज लावावा, इंजिन गरम करावं आणि आकडा गाडीच्या पुस्तकाशी ताडून बघावा. अर्ध्या तासाचं काम.

(दृश्य: मिस्त्री नवा पंप हातात घेतात.)

जुन्या पंपातून बेअरिंगचा चुरा फिरलाय, दात्यांवर ओरखडे आहेत, म्हणून हा नवा. बसवण्याआधी मिस्त्री त्यात ऑइल ओततात आणि चाक बोटानं हळूहळू फिरवतात. माझे आजोबा मोटर चालू करण्याआधी पंपात घागरीनं पाणी भरायचे, अगदी तसंच. कोरडा पंप ओढत नाही.

चेंबर बसला. चावी फिरवली. लाल दिवा पेटलेला आहे. एक सेकंद, दोन सेकंद.

विझला.