रेडिओ बंद झाला की

नमस्कार श्रोतेहो. घराला कुलूप लावून तुम्ही जिना उतरता आणि दाराआड तुमचा कुत्रा रडू लागतो. आमचा बंड्या रडायचा, पण मला ते कित्येक महिने ठाऊकच नव्हतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तू गेलीस की अर्धा तास गळा काढतो गं तो." मला वाटलं, काकूंना कुत्री आवडत नाहीत, म्हणून बोलतात. घरी यावं तर उशीच्या चिंध्या, दाराची चौकट कुरतडलेली आणि हा कान पाडून कोपऱ्यात. मी रागवायचे. वर सगळ्यांना सांगायचे, बघा, चूक कळते त्याला!

नाही कळत. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने २००९ साली नेमकं हेच तपासलं. कुत्र्यानं काही केलेलं असो वा नसो, मालक रागावला की तो 'अपराधी' चेहरा दिसतो. म्हणजे मी भेदरलेल्या जिवाला आणखी भेदरवत होते.

मग कुणीतरी सांगितलं, कुत्र्याला आपल्या निघण्याच्या खुणा पाठ होतात. किल्ल्या उचला, खुळखुळवा आणि परत खाली बसा, म्हणजे त्या खुणेची भीती जाते. मी पंधरा दिवस किल्ल्या खुळखुळवल्या. बंड्या ढिम्म. शेवटी मोबाइल पुस्तकांच्या कपाटावर उभा केला, चित्रण चालू केलं आणि कामाला गेले.

रात्री बघितलं. मी चपला घालतेय, पिशवी घेतेय, हा पाय पसरून पडलेला. मग मी सवयीनं रेडिओ बंद केला. खट्! त्यासरशी हा उठला, ओठ चाटायला लागला, धापा टाकायला लागला. मी दाराबाहेर पडायच्या आधीच लाळ जमिनीवर. रोज बातम्या संपल्या की मी रेडिओ बंद करते आणि निघते. त्याची खूण किल्ली नव्हती, रेडिओ बंद होणं ही होती!

आता मी शहाणी. म्हटलं, रेडिओ चालूच ठेवून जाऊ. तीन दिवस शांतता. चौथ्या दिवशी काकू दारात. झालं होतं असं की निघताना मी आवाज जरा वाढवायची, त्याला सोबत म्हणून. बंड्यानं तेवढ्यात नवी खूण पाठ केली, आवाज वाढला म्हणजे ही चालली. मग मात्र दिवसातून दहा वेळा रेडिओ बंद करायचा आणि पुस्तक घेऊन तिथंच बसायचं. महिनाभरानं त्या 'खट्'ला त्यानं मान उचलणं सोडलं.

पुढचं काम दाराचं. बाहेर पाच सेकंद थांबा, आत या. मग दहा, पुन्हा पाच, मग वीस. तो रडायला लागायच्या आधी परत यायचं. पुन्हा सांगते, रडायच्या आधी. रोज थोडं वाढवायचंच असा हट्ट नको, कधी कमीही करा. आणि हा सराव चालू असताना त्याला खरोखर एकटं टाकू नका, नाहीतर आठवड्याची मेहनत एका दुपारी जाते. आमच्याकडे तेव्हा काकू येऊन बसायच्या. हो, त्याच.

आत खाऊ दडवलेलं खेळणं सौम्य त्रासात उपयोगी पडतं. खूप घाबरलेला कुत्रा त्याला तोंडही लावत नाही. पिंजऱ्यात कोंडू नका, गजांवर दात मोडून घेणारे कुत्रे असतात. आणि सोबतीला दुसरा कुत्रा आणा म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं. अहो, त्याला माणूस हवं असतं!

एवढं करूनही जमलं नाही, तर पशुवैद्याकडे जा, जाताना ते चित्रण घेऊन जा. क्लोमिप्रॅमिन, फ्लुओक्सेटिन अशी औषधं यासाठी दिली जातात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि सराव सोबत चालूच ठेवावा लागतो. माणसांच्या गोळ्या आपल्या मनानं देऊ नका. आपल्या मनानं बिलकूल नको.

आज इथं यायला निघताना मी रेडिओ बंद केला. बंड्यानं एक डोळा उघडला, माझ्याकडे पाहिलं आणि कूस बदलली. खरं सांगायचं तर मला जरा वाईटच वाटलं.